सपाट आणि शिगोशीग

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम चाललं आहे. संध्याकाळी फिरून येताना मी तिथं थोडा वेळ रेंगाळतो. गवंड्याच्या कमरेला पोलादी टेप असतो. त्याच्या एका कडेला इंच छापलेले, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर. टेप ओढला की त्याची नजर इंचांकडे जाते आणि परांचीवर उभ्या असलेल्या जोडीदाराला तो ओरडून सांगतो, "साडेचार इंच, वर दोन सूत घे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेपवर हा शब्द कुठंही नाही. तो त्याच्या तोंडी आहे, आणि ज्याच्या हाताखाली तो काम शिकला त्याच्याही तोंडी असणार. वाळू येते ती ब्रासनं. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. सिमेंट गोणीनं, फरशी चौरस फुटानं, पाण्याची टाकी लिटरनं. सळईची जाडी मिलिमीटरमध्ये आणि वजन किलोत, पण जुना कारागीर अजून तिला तीन सुती, चार सुती म्हणतो. माल कालवायचं प्रमाण सांगायला तर कुठलंच एकक लागत नाही. 'एकास सहा', एवढं पुरतं. घमेलं तेवढं एकच हवं. आणि ज्या जागेवर हे सगळं उभं राहतंय, ती जागा गुंठ्यांत घेतलेली.

एका घराच्या पायात एवढी मापं एकत्र येतात आणि कुणाचा घोळ होत नाही. मापनाची एक पद्धत गेली आणि दुसरी आली, असं आम्ही शाळेत शिकलो. मला तसं झालेलं फारसं कुठं दिसत नाही. जुनी मापं ज्या त्या कामाला चिकटून राहिली, आणि काम जिवंत आहे तोवर ती जायची नाहीत.

गुंठ्याचंच बघा. मुंबई इलाख्यात इंग्रजी अमलात जमिनीची मोजणी झाली तेव्हा मोजणीदाराच्या हातात ३३ फुटांची साखळी होती, आणि तिचे सोळा भाग पाडून प्रत्येकाला आणा म्हणत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा : १०८९ चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. आर म्हणजे १०० चौरस मीटर, आणि गुंठ्याचे भरतात १०१ चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त. तिकडे पॅरिसमध्ये बसून ठरवलेलं एक माप आणि इकडे दख्खनच्या उन्हात माळावरून ओढलेली साखळी, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांच्यात हातरुमालाएवढं नाही, पण खाटेएवढंच अंतर पडावं, याचं मला नेहमी नवल वाटतं. सातबाऱ्यावर आर वाचून शेतकरी गुंठा म्हणतो आणि व्यवहार अडत नाही.

साखळीच्या आधी काठी होती. १६९७ सालच्या सभासदाच्या बखरीत शिवकाळातल्या जमीनमोजणीचं वर्णन आहे. काठी पाच हात आणि पाच मुठींची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद तो बिघा, आणि १२० बिघ्यांचा एक चावर. हात कुणाचा धरायचा हा तंटा राहू नये म्हणून हाताचे तसूही बांधून दिलेले. अण्णाजी दत्तोंचं नाव या मोजणीशी जोडलेलं आहे. मी जेव्हा जेव्हा हे वाचतो, तेव्हा त्या पाच मुठींपाशी थांबतो. माप ठरवणाऱ्याला नुसते सहा हात म्हणता आले असते. पण रयतेच्या अंगावरच्या मापाशी, तिच्या हाताशी आणि मुठीशी, ते जुळवून घ्यावं असं त्याला वाटलं असावं. जमीन मोजायला आलेल्या सरकारी माणसाची काठी जिला आपल्या हातानं पडताळून पाहता येते, ती रयत निदान प्रश्न तरी विचारू शकते.

अंगावरची मापं कुणाला विकत आणावी लागत नाहीत. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ, वीत, हात, आणि दोन्ही हात पसरले की वाव. मोठ्या माणसानं स्वतःच्या हातानं स्वतःला मोजलं तर तो साधारण साडेतीन हात भरतो. उंच माणूसही साडेतीन, बुटकाही साडेतीन. आपल्यापुरतं हे माप बिनचूक असतं. अडचण येते ती दुसऱ्याशी देणंघेणं सुरू झाल्यावर.

भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० च्या सुमाराची. तिच्या सुरुवातीलाच मापांची कोष्टकं आहेत. आठ यवांचं अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस. धान्यासाठी एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच अशी खारी, आणि तिचे पाडत पाडत १०२४ कुडव. म्हणजे कुडव हे सगळ्यांत धाकटं माप, जेमतेम मूठभर धान्याचं. आता गोव्यात जा. तिथं भाताची खंडी वीस कुडवांची. नाव तेच, पण माप वाढून केवढं तरी झालेलं. शतकानुशतकं माणसं नाव सांभाळत आली आणि त्या नावाखालचं भांडं मात्र आपल्या शेतानुसार बदलत गेली. कोकणात शेत केवढं हे विचारलं तर जुनी माणसं लांबी-रुंदी सांगत नसत. त्यात किती भात पिकतं ते सांगत. जमीन तिच्या उत्पन्नानंच ओळखायची असते, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं.

माझ्या मनात माप म्हटलं की आजोळचं खळं येतं. किलो-ग्रॅम लागू होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. बाजारात वजनं नवी होती, पण खळ्यावर मापच चालायचं. ज्वारीची मळणी झालेली, वावडीवर उभं राहून वाऱ्यावर उफणणी झालेली, तिवड्याशेजारी स्वच्छ रास पडलेली. आजोबा राशीची पूजा करत आणि मग माप हातात घेत. लोखंडी होतं ते, काठाला जाड कडं असलेलं. मोजायला बसलं की कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पहिलं माप ओतताना 'एक' म्हणत नसत. 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन, चार. आम्ही पोरं त्या 'लाभ'ची वाट बघत गप्प बसलेलो असू, कारण तो म्हणताना आजोबांचा आवाज इतर आकड्यांहून हळू व्हायचा.

कोष्टक असं होतं : दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अडशेरी, दोन अडशेऱ्यांची पायली. पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. मणाला किती पायल्या, हे मुलूख बदलला की बदलायचं. कुठं बारा, कुठं सोळा. पण पायलीच्या खाली सगळी दुपटीची चढण. ही दुप्पट-निम्मी कुठून आली असेल याचा विचार केला की मला फार आनंद होतो. हातात एकही वजन नसलं आणि नुसती तागडी असली, तर माणसाला एकच गोष्ट अचूक करता येते : कुठल्याही ढिगाचे दोन सारखे भाग. निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं. दहावा भाग पाडायला आकडेमोड लागते. निम्मा भाग पाडायला दोन पारडी आणि प्रामाणिक डोळा पुरतो. म्हणून शेराच्या सोळा छटाका, रुपयाचे सोळा आणे. पायलीत चौसष्ट निळवी होती आणि रुपयात चौसष्ट पैसे. ज्यांनी आयुष्यभर वाटण्या केल्या, त्यांच्या हातून आपोआप घडलेलं हे गणित आहे.

खळ्यावर आणखी एक गोष्ट होती, आणि मला खरं तर तिच्याबद्दलच लिहायचं आहे. मापाच्या काठापर्यंत दाणे भरले की ते सपाट माप. पण ओतत राहिलं तर काठाच्या वर दाण्यांचा उभार चढायला लागतो. शेवटी अशी वेळ येते की पुढचा दाणा टाकला की तो घरंगळून खाली येतो. त्या उभाराला शीग म्हणतात. सपाट माप आणि शिगेचं माप यांत चांगलाच फरक पडतो. भांडं बुटकं आणि रुंद तोंडाचं असेल तर शीग मोठी. उंच आणि निमुळतं असेल तर लहान. आत मावणारं धान्य दोन्हीत तेवढंच असलं तरी शिगेत माणूस मार खातो. माप भरताना बाजूला थाप मारली की दाणे बसतात आणि आणखी धान्य जातं. तसंच अलगद ओतलं तर कमी जातं. म्हणजे एकाच मापानं, एकाच राशीतून, कुणाला किती द्यायचं हे मोजणाऱ्याच्या मनगटात होतं.

सुतार, लोहार, कुंभार, परीट, न्हावी आपापलं बलुतं न्यायला आलेले असत. आजोबा त्यांना शिगोशीग माप भरून देत, आणि शीग ढासळू नये म्हणून डाव्या हाताचा आडोसा धरत. तो हात मी विसरणं शक्य नाही. पण त्या हाताच्या आठवणीनं मी जुन्या मापांचा सरसकट भाट होऊ शकत नाही, कारण त्याच गावात दुसरे हातही होते. अडल्या वेळी सावकाराकडून बियाणं किंवा खावटी आणायची ती सपाट मापानं. सुगीत फेडायची ती शिगेच्या मापानं, आणि वर सवाईनं किंवा दिढीनं. मण आणला तर सव्वा मण द्यायचा, नाहीतर दीड. शाळेत पोरं एका सुरात पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी म्हणायची, ते पाठांतर नुसतं बुद्धीचा व्यायाम नव्हतं. ज्याला सवायकी येत नव्हती, त्याला आपण किती नाडले गेलो हे कळतसुद्धा नव्हतं.

गावाबाहेर पडलं की आणखी अंधार. मुंबईचा मण २८ पौंडांचा आणि बंगाली मण ८२ पौंडांहून जास्त. शेर या नावाखाली तर गावागणिक निरनिराळी भांडी. व्यापारी दोन्हीकडची मापं जाणून असे. शेतकरी फक्त आपलं गाव जाणे. जो मापांच्या सीमेवर उभा राहू शकतो त्याचा फायदा होतो, आणि ज्याला आपल्या शिवाराबाहेर जाता येत नाही त्याचा तोटा. म्हणून १९५६ साली मापनाचा कायदा झाला आणि पुढच्या काही वर्षांत देशभर एकच किलो, एकच मीटर आला, ही स्वतंत्र भारतातल्या मोठ्या कामांपैकी एक आहे असं मी मानतो. धरणं आणि कारखाने डोळ्यांत भरतात. पण रावेरचा किलो आणि राजापूरचा किलो एकच असणं, हेही बांधकामच आहे, आणि त्याचा लाभ सगळ्यांत आधी गरिबाला झाला.

त्या किलोची गोष्टही सांगण्यासारखी आहे. पॅरिसजवळ प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रधातूचा एक लहानसा दंडगोल ठेवलेला आहे. २०१९ पर्यंत जगातला खरा किलो तोच. त्याच्या प्रती देशोदेशी दिल्या गेल्या. भारताला मिळालेली प्रत ५७ क्रमांकाची, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. तिच्यावरून उतरत उतरत आपल्या वाण्याच्या लोखंडी वजनापर्यंत हा वारसा येतो. ते वजन उलटं करून पाहा : खाली खळगीत शिसं भरलेलं असतं आणि त्यावर वैधमापन खात्याच्या निरीक्षकाचे शिक्के असतात. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावरून होते. तो दंडगोल आता निवृत्त आहे. कुणाच्याही हाताशी, मुठीशी किंवा धातूच्या तुकड्याशी किलोचा आता संबंध उरला नाही. निसर्गाच्या नियमातच तो गुंतवला गेला. मला हे रुक्ष वाटत नाही. कुणाचाही हात न लागणारं माप, ही माणसानं माणसाला दिलेली फार मोठी हमी आहे.

जुनी वजनं मात्र सजीव होती. सोनाराच्या काट्यावर गुंजेची बी असे, लाल आणि टोकाला काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा मासे म्हणजे तोळा. ९६ बिया एका तोळ्याला. पुढे इंग्रजांनी रुपया १८० ग्रेनचा पाडला आणि तोळाही तेवढाच ठरला, म्हणजे चांदीचा रुपया हेच घरातलं वजन झालं. असे ८० रुपये पारड्यात टाकले की शेर. त्या हिशेबानं तोळा साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर जातो. आज पेढीवर तोळा म्हटलं की दहा ग्रॅम समजतात. दुबईहून येणारी दहा तोळ्यांची लगड मात्र अजून ११६ ग्रॅमच्या वर भरते. तिथं जुना तोळा शाबूत आहे. लेकीच्या लग्नाचं सोनं मात्र आपण अजून तोळ्यांतच बोलतो. दागिन्याशी जडलेली मनं दशमान होत नाहीत.

काळसुद्धा भांड्यानंच मोजला जाई. तांब्याची वाटी, बुडाला सुईएवढं छिद्र, घंगाळातल्या पाण्यावर सोडलेली. ती भरून बुडाली की एक घटका झाली : २४ मिनिटं. दिवसरात्रीच्या अशा साठ. लग्नमंडपात जोशीबुवा त्या घटिकापात्राजवळ बसत, आणि वधूवरांपासून आचाऱ्यापर्यंत सगळ्यांचं लक्ष त्या वाटीकडे लागलेलं असे.

स्वयंपाकघरात तर कुठलाच कायदा पूर्णपणे शिरला नाही. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' आलं आणि वाटी-चमच्याचं प्रमाण घरोघरी रुजलं. नव्यानं संसार मांडणाऱ्या, आईपासून दूर राहणाऱ्या कितीतरी मुलींचा त्या मापांनी जीव वाचवला असेल. तरी मीठ 'चवीपुरतं' ते चवीपुरतंच राहिलं.

आणि शीग? मला वाटायचं, इलेक्ट्रॉनिक काट्यानं ती संपवली. हिरव्या आकड्यांत ५०० उमटतं, तिथं उभार कसला चढणार? पण मंडईत नीट पाहिलं तर ती दिसते. भाजीवाली अर्धा किलो वांगी काट्यावर पुरती मोजते, पिशवीत ओतते, आणि मग तिचा हात बाजूच्या टोपलीत जाऊन दोन हिरव्या मिरच्या आणि कढीपत्त्याची काडी वर टाकतो. मासळीबाजारात कोळीण वाटा लावते. त्याला वजन नाही, नुसती नजर. पैसे घेतले की "घे गं बाय" म्हणत वर दोन मासळ्या सरकवते. आंबेवाला डझन मोजून झाल्यावर एक लहान फळ पोराच्या हातात देतो. काट्यानं न्याय झालेला असतो. त्यानंतर जे वर पडतं ते देणाऱ्याच्या मर्जीचं असतं, आणि म्हणूनच ते घेताना आपण हसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. शीग देणाऱ्यानं द्यावी. घेणाऱ्यानं ती हक्कानं ओढू नये. जिथं घेणाराच माप धरतो, तिथं सपाट माप हवं, कडक हवं, शिक्का मारलेलं हवं. आजही ऊस काट्यावर जातो तेव्हा शेतकऱ्याच्या मनात काटामारीची धास्ती असते. कापूस, सोयाबीन, कांदा विकताना असते. ट्रॉली काट्यावर चढली की दूर उभ्या असलेल्या त्या माणसाला आकडा दिसला पाहिजे, आणि शंका आली तर दुसऱ्या काट्यावर नेऊन पडताळता आला पाहिजे. पाच हात पाच मुठींच्या काठीत रयतेला जी सोय होती, ती एवढ्या यंत्रांच्या काळात तिला नाकारली जाऊ नये.

शेवटी वाचकांना एक विनंती. तुमच्या गावाकडच्या घरात माळ्यावर किंवा देव्हाऱ्याजवळ एखादी पायली, मापटं, चिपटं असेल. सून घरात येताना उंबऱ्यावर तांदळानं भरून ठेवायला ते अजून खाली काढत असाल. ते भंगारात घालू नका, आणि नुसतं शोभेला तर मुळीच ठेवू नका. एकदा त्यात काठोकाठ पाणी भरा, स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापानं मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मग ज्वारी किंवा भात शिगोशीग भरून किलोच्या काट्यावर तोला आणि तोही आकडा लिहा. सोबत गावाचं नाव, ते माप घरातलं की बलुत्याचं की सावकाराचं, आणि मणाला किती पायल्या धरत, एवढं विचारून घ्या. ज्यांना हे सांगता येईल अशी माणसं अजून आहेत. या सुगीतच विचारा.